टच फोन घ्या, पण मासोळी विकणारीच्या हातात द्या

 

आज विषय जाळ्याचा नाही, बीजाचा नाही, मोबाइलचा आहे. हसू नका. आपल्या संस्थेतली बरीच घरं आता बटनाचा फोन सोडून ॲन्ड्रॉइड घेत आहेत. सणाला एकमेकांचं पाहून घेतात, पोरगं हट्ट करते म्हणून घेतात, हप्त्यावर घेतात. सात-आठ हजार रुपये म्हणजे आपल्याकडं लहान रक्कम नाही. एवढ्यात एखादं चांगलं जाळं येते. म्हणून आम्हाला जे वाटते ते स्पष्ट लिहितो. कोणाला पटेल, कोणाला टोचेल.

आधी बाजारात पाहिलेली गोष्ट. आपल्याच एका मावशीच्या टोपल्यापुढं स्कॅनरचा कागद लावलेला. गिऱ्हाइकानं दोन किलो रोहू घेतला, स्कॅन केलं, मोबाइलची काच मावशीपुढं धरली आणि निघून गेला. आम्ही विचारलं, "मावशी, पैसे आले का?" मावशी म्हणाली, "आले असतीन ना बापू. पोराच्या खात्यात जातेत. तो हैदराबादले कामाले हाय. रात्री फोन करतो तवा सांगतो." रात्री पोरानं सांगितलं, दिवसभरात तीनच जणांचे पैसे आले. मावशीनं मासोळी दिली होती पाच जणांना.

दोन गिऱ्हाइकांनी खोटी काच दाखवली. पण आमच्या मते खरी चूक त्या दोघांच्या आधीच झाली होती. भल्या पहाटे नवऱ्यानं डोंगा घातला, जाळं ओढलं, मासोळी मावशीनं साफ केली, उन्हात बसून विकली, आणि पैसे आले की नाही हे तिला रात्री दुसऱ्याच्या तोंडून कळते. पोरगं चांगलं आहे, पैसे पाठवते, तो प्रश्न नाही. ज्याचा माल त्याच्या हाती हिशोब नाही, हा प्रश्न आहे.

म्हणून आमचं म्हणणं एका ओळीत: घरात एकच टच फोन घ्यायचा असेल तर तो मासोळी विकणाऱ्या बाईच्या हातात द्या. आणि स्कॅनर तिच्याच खात्याचा लावा.

काही सभासद म्हणतात, "बाईले काय समजते त्यातलं?" अहो, तीच बाई पाव-पाव किलोचा हिशोब तोंडी करते, उधारी महिनाभर डोक्यात ठेवते. तिला फोन समजत नाही असं नाही, तिच्या हातात तो कोणी दिलाच नाही. शिकायला लागते ते एवढंच: पैसे आल्याचा मेसेज कुठं दिसतो, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. "पैसे पाठवतो, जरा पिन टाका" असं कोणी म्हणालं की समजायचं, चोर आहे. एटीएम कार्ड नसलं तरी आधारवर येणाऱ्या ओटीपीनं यूपीआयचा पिन बनवता येतो. मात्र बँकेत आणि आधारला तिचाच नंबर जोडलेला पाहिजे, पोराचा नाही, दुकानदाराचा तर नाहीच नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. जुने डोंगेवाले म्हणतात, "बटनाचा फोन पाण्यात पडला तरी वाळवून चालते, चार्जिंग आठवडाभर पुरते, कायले पाहिजे टच?" खरं आहे. भाव विचारायला बटनाचा फोन पुरतो. त्याचं मोठं उदाहरण केरळचं आहे. 14 जानेवारी 1997 ला वडकरा गावी 11 मच्छीमारांना एकही गिऱ्हाइक मिळालं नाही, मासळी फेकायची वेळ आली. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बाजारांत 27 गिऱ्हाइकं मासळी न मिळता परत निघाली होती. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं उत्तर केरळच्या किनाऱ्यावर हे सगळं मोजलं आणि 2007 साली छापलं. मोबाइल येण्याआधी पकडलेल्या मासळीतली शंभरात पाच ते आठ वाया जात होती. मोबाइल आला, मच्छीमार समुद्रातूनच दोन-चार बाजारांत विचारू लागले, आणि वाया जाणं जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्के स्वस्त झाली. दोघांचंही भलं झालं. आणि ते फोन बटनाचेच होते.

तेव्हा भावासाठी टच फोनची वाट पाहू नका. आजच सवय लावा. मासोळी काठावर यायच्या आधी आदिलाबादला एक, बेल्याला एक, नदीपलीकडं पांढरकवड्याला एक फोन करा. काठावर गाडी घेऊन उभा असलेला व्यापारी सांगेल तोच भाव, ही सवय मोडायची तर बटनाचा फोनही पुरे. बटनाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोयही रिझर्व्ह बँकेनं मार्च 2022 मध्ये सुरू केली आहे, यूपीआय 123पे नावानं. ज्याला झेपत नाही त्यानं कर्ज काढून टच फोन घेऊ नये, हेही आमचं मत आहे.

मग ॲन्ड्रॉइड कशाला? आपल्या भागापुरती तीन कारणं आम्हाला पटली आहेत.

पहिलं कारण, भाषा. आपण जैनथकडची माणसं. घरी मराठी, बाजारात तेलुगू-हिंदी-मराठी तिन्ही. आपल्यातले कितीतरी जण मराठी शाळेत शिकले. पण ऑफिसचा कागद येतो तेलुगूत. नोटीस आली की आपण कोणालातरी धरतो, "दादा, काय लिहिलंय सांग ना." तो सांगतो तेवढंच आपल्याला समजते, आणि कधी चहापाणीही द्यावं लागते. टच फोनवर गूगल ट्रान्सलेट उघडा, तेलुगू ते मराठी निवडा, कागदावर कॅमेरा धरा, मराठी समोर येते. भाषांतर कच्चं असते, कधी हसू येईल असं असते, सही करायच्या कागदावर फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. पण कागद बीजाचा आहे की वसुलीचा, शेवटची तारीख कोणती, एवढं नक्की कळते.  आणि लिहिता येत नसलं तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. लिहिता न येणं ही आता अडचण राहिली नाही, विचारायची लाज ही अडचण आहे.

दुसरं कारण, नोंद आणि पुरावा. तेलंगण सरकार 2016-17 पासून तलाव-धरणात मोफत बीज सोडते. लहान तलावाला 35 ते 40 मिलिमीटरचं बीज आणि मोठ्या जलाशयाला 80 ते 100 मिलिमीटरचं, असा नियम आहे. बीजाची गाडी आली की आपण काय करतो? हार घालतो, फोटो काढतो, साहेबांसोबत उभे राहतो. तो फोटो काढाच, पण त्याच फोननं मोजणीचा व्हिडिओही काढा. पट्टीवर पिल्लू ठेवून फोटो घ्या. पिशव्या किती, एका पिशवीत पिल्लं किती, मेलेली किती, सगळं तारखेसह राहते. पुढं मासोळी कमी निघाली तर भांडायला हाती काहीतरी पाहिजे. आणि हे आम्ही फक्त सरकारला सांगत नाही. आपल्या संस्थेचा हिशोबही असाच उघडा असला पाहिजे. यापुढं बीज सोडल्याच्या दिवशीच मोजणीचा व्हिडिओ आणि पावतीचा फोटो या पेजवर टाकायचा, हे आम्ही स्वतःवर बंधन घालून घेतो. नाही टाकला तर विचारा.

तिसरं कारण, सरकारी नोंदणी आणि विमा. केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये मच्छीमारांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, दवाखान्यात भरती झाल्यास 25 हजारांपर्यंत. पण अशा कामात ओटीपी येतो. तो दुसऱ्याच्या फोनवर आला तर तुमची नाडी दुसऱ्याच्या हाती. आधार, बँकेचं पासबुक, संस्थेचं सभासद कार्ड यांचे साफ फोटो फोनमध्ये ठेवा, डिजिलॉकर वापरा. माणूस गेल्यावर घरातली बाई कागद शोधत फिरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते पुन्हा नको.

आता फोन बदलताना काय सांभाळायचं, ते थोडक्यात. आमच्या चुकांतूनच शिकलो आहोत.

एक. गूगलचं खातं स्वतःसमोर बनवा. बरेचदा दुकानातलं पोरगं घाईत काहीतरी नाव टाकून खातं बनवते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. पुढं फोन साफ करायची वेळ आली की तो जुनं खातं मागतो, आणि फोनची वीट होते. आमच्यातल्या एकाचं असंच झालं. पासवर्ड रेशन कार्डासोबत वहीत लिहून ठेवा.

दोन. सिमकार्डातले नंबर त्या खात्यात उतरवा. मग फोन सातनाल्याच्या पाण्यात गेला तरी नंबर जात नाहीत.

तीन. जाळं ओढून आपल्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यात हात ओले आणि खवल्यांचे. बोटाचा ठसा चालत नाही म्हणून कुलूपच न लावणारे कितीतरी आहेत. असं करू नका, आकड्यांचा पिन लावा. जन्मसाल सोडून कोणताही.

चार. डोंग्यावर फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये, दोरीनं गळ्यात. भिजलाच तर चार्जिंगला लावू नका, बंद करा, पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

पाच. *#06# दाबा, आयएमईआय नंबर येतो, तो वहीत लिहा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो, सापडूही शकतो.

सहा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीचा दंड, योजनेची यादी असं म्हणून एपीके नावाची फाइल आली तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. त्याचाही फोन हॅक झालेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जेवढी घाई तेवढे पैसे अडवायची शक्यता जास्त.

आणि शेवटची गोष्ट, जिवाची. मिरगात आभाळ भरून येते तेव्हा आपण पाण्याच्या मधोमध असतो, उघड्यावर, ओल्या जाळ्यासोबत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं दामिनी नावाचं ॲप बनवलं आहे, फुकट आहे. आपल्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरमध्ये वीज पडत असली की ते इशारा देते. इशारा आला की डोंगा काठाला. मासोळी उद्याही मिळेल. डोंगेवाल्यांनी निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन घरी पाठवून ठेवा, आठ तासांपर्यंत चालते. पैनगंगेला पूर आला, धरणाचे दरवाजे उघडले, तर माणूस कुठं आहे हे घरच्यांना समजलं पाहिजे. जिथं रेंज नाही तिथं यातलं काहीच चालत नाही, म्हणून फोन आहे या भरवशावर आभाळ पाहायची सवय सोडू नका. आपल्या बापजाद्यांनी वारा ओळखून डोंगे चालवले, ती विद्या फोनमध्ये नाही.

तर मंडळी, फोन घेण्यात मोठेपणा नाही आणि न घेण्यात कमीपणा नाही. रात्री पोरांनी व्हिडिओ पाहण्यासाठीच तो असेल तर सात हजार पाण्यात गेले समजा. पण टोपल्यापुढं बसलेली मावशी स्वतःच्या काचेवर बोट ठेवून म्हणेल, "थांब बापू, तुह्ये पैसे अजून आले नाहीत," त्या दिवशी फोनची किंमत वसूल झाली.

संस्थेत ज्या पोरा-पोरींना हे जमते त्यांना आमची विनंती: आपल्या आईला, काकूला, आजीला आठवडाभर रोज पंधरा मिनिटं शिकवा. त्यांच्या हातून फोन हिसकावून "आण, मी करून देतो" म्हणू नका. त्यांनाच करू द्या. चार वेळा चुकतील. आपणही पहिल्यांदा जाळं फेकलं तेव्हा ते आपल्याच पायात गुंतलं होतं.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. बोलून सांगितलं तरी चालेल, माइक दाबा आणि मराठीत बोला.