विश्लेषण : कोड मोफत, पण तपासणार कोण? ओपन सोर्समधील ‘टेस्ट कव्हरेज’चा प्रश्न

तुमचा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, त्यातील असंख्य अ‍ॅप्स आपली माहिती ‘एसक्यूलाइट’ या मोफत डेटाबेसमध्ये साठवतात. २००० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा मूळ कोड साधारण दीड लाख ओळींचा आहे. तो तपासण्यासाठी लिहिलेला कोड मात्र त्याच्या जवळपास ५९० पट! इतका खटाटोप कशासाठी?

टेस्ट कव्हरेज म्हणजे काय?

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे मूळ प्रोग्राम नीट चालतो का, हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम. कुणी कोडमध्ये बदल सुचवला की अशा शेकडो चाचण्या सर्व्हरवर आपोआप चालतात. या चाचण्यांदरम्यान मूळ कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालला, त्याची टक्केवारी म्हणजे कव्हरेज.

ओपन सोर्सला गरज अधिक का?

कंपनीत कोड लिहिणारा बहुतेकदा शेजारच्या टेबलावर असतो. ओपन सोर्समध्ये लिहिणारा एका देशात, तपासणारा दुसऱ्या देशात आणि मूळ लेखक प्रकल्प सोडून गेलेला, असे सर्रास घडते. अशा वेळी ‘हा कोड असाच वागला पाहिजे’ हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्याने मागे ठेवलेली चाचणी.

आकडा पुरेसा आहे का?

नाही. ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी मार्च २०१२ च्या आवृत्तीत शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. संदेशाची सांगितलेली लांबी आणि खरी लांबी जुळते का, हेच कोड पाहत नव्हता. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतची माहिती एका वेळी बाहेर जाऊ शकत होती. खरी लांबी सांगणाऱ्या साध्या चाचणीतही त्या ओळी ‘तपासल्या’ म्हणून मोजल्या गेल्या असत्या. गरज होती ती खोटी लांबी सांगून पाहणाऱ्या चाचणीची. ओळ चालली म्हणजे ती बरोबर आहे, असे नव्हे.

मग करायचे काय?

जुन्या प्रकल्पावर ‘९० टक्के हवेतच’ अशी सक्ती केली, तर आकडा भरण्यापुरत्या पोकळ चाचण्या लिहिल्या जातात. त्यापेक्षा नियम सोपा हवा : नवा बदल आला की सोबत त्याची चाचणी हवी. त्रुटी सापडली की ती पकडणारी चाचणी आधी, दुरुस्ती नंतर. ‘जँगो’सारखा मोठा प्रकल्प दुरुस्तीसोबत चाचणी मागतोच.

नवख्यांना पहिले काम म्हणून चाचणी लिहायला द्यावी. त्यात कोड वाचला जातो आणि मोडतोडीची भीतीही कमी असते. पण त्या कामाचे श्रेय नव्या फीचरइतकेच मिळायला हवे. फीचरवर टाळ्या आणि चाचणीकडे दुर्लक्ष, असे असेल तर स्वयंसेवक चाचण्या लिहिणार कशाला?

आपल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी ओपन सोर्सचे हे दार उघडे आहे. अट एकच : कोड चालतो, हे दाखवून थांबू नका, तो कुठे मोडतो, हेही शोधा.