मोहाची चव घ्यायची असेल तर

नागझिरा-नवेगावला आलेला पाहुणा जंगल बघून झालं की हळूच विचारतो, "इथली मोहाची मिळेल का हो?" मग कुणीतरी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून आणून देतो. पाहुण्यांनो, ती बाटली घेऊ नका. आणि गोंदियाकरांनो, तुम्हीही आणून देऊ नका.

दारूबंदीचं कीर्तन मला करायचं नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. अडचण अशी, की त्या बाटलीत काय आहे हे देणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. घरच्या जुन्या रीतीत वाळलेली फुलं पाण्यात भिजवून सडवा आंबवायचा आणि मडक्यावर मडकं चढवून वाफ धरायची, एवढंच. विक्रीच्या हातभट्टीला घाई असते, मग सडव्यात गूळ पडतो, नवसागर पडतो. कधी त्याहून घातक भेसळही होते: २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. हे मिथेनॉल चवीला कळत नाही. काडी लावल्यावर जळली म्हणजे अस्सल, ही समजूतही सोडा, मिथेनॉलही जळतंच. 'पहिल्या धारेची' म्हणून जिचं एवढं कौतुक, ती सुरुवातीची धार चांगल्या कारखान्यात बाजूला काढून टाकतात.

अशी काळजी बघायची तर जपानात बघा, तिथे तांदळापासून साके ही दारू बनवणारे छोटे कारखाने ठिकठिकाणी आहेत. गोंदियासारख्या भाताच्या जिल्ह्याला त्यांची गोष्ट पटकन कळावी. आपल्या गिरणीत कोंडा निघाला की तांदूळ तयार. तिथे साकेला 'गिंजो' दर्जाची म्हणवून घ्यायचं तर दाण्याचा निदान ४० टक्के भाग घासून काढावा लागतो, 'दाईगिंजो'ला निम्मा. किती घासला ते बाटलीवर छापलेलं असतं. पारखणाऱ्याच्या पांढऱ्या प्याल्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, त्यांवर रंग आणि गढूळपणा लगेच उमटतो. आधी नजर, मग वास, मग जिभेवर फिरवलेला लहानसा घोट, आणि तोही बरेचदा थुंकून टाकलेला. मोहाला हा मान आपण कधी दिलाच नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशाने मात्र सुरुवात केली आहे. तिथे अलीराजपूर आणि दिंडोरीतले आदिवासी बचत गट परवाना घेऊन, 'मोंड' आणि 'मोहुलो' या नावांनी मोहाची दारू बाटलीत भरतात. चाखायचीच असेल तर अशी चाखा, तीही तिथेच. बालाघाटची हद्द जवळ आहे म्हणून गाडीत टाकून इकडे आणाल, तर तो गुन्हा होईल. आपल्याकडे महाराष्ट्रात अशी दारू प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, हेही ध्यानात असू द्या. ग्लास स्वच्छ काचेचा घ्या, पोटात काहीतरी असू द्या. कडक दारू आहे, घोटभर पुरे. सोबत मसालेदार चकणा नको. फुलाचा तो गोड, उग्र वास त्यात हरवतो.

खरं तर चव घ्यायची ती फुलाचीच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर, मांसल फुलांचा सडा पडतो. एक उचलून तोंडात टाका, साखरच साखर. फक्त गावातलं माणूस सोबत असू द्या, कारण याच वेळी अस्वलही तिथे आलेलं असू शकतं. वेचणाऱ्या बायांचा हा महिना-दीड महिन्याचा हंगाम असतो. फुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे बरेच निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये उठवले, तेव्हा वाळलेली फुलं त्यांच्याकडूनच विकत घ्या. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय मात्र मोडायला हवी, वणवा बरेचदा तिथूनच लागतो. जुनी साडी नाहीतर जाळी अंथरली तरी फूल स्वच्छ मिळतं.

घेताना मूठभर दाबून बघा. चिकट गोळा होत असेल तर नीट वाळलेली नाहीत, बुरशी धरतील. घरी आणल्यावर दोन पाण्यांनी धुवा, माती बसते. मग भाजून, कुटून, तीळ घालून लाडू वळा.