माळढोकचे अभयारण्य : मात्रा कुठे चुकली?

जुळे सोलापुरातून शहर ओलांडून बार्शी रस्त्याने गेले की नान्नजचा माळ लागतो. ज्या माळढोकमुळे हा माळ देशभर ओळखला गेला, तो आता तिथे दिसलाच तर एखाद-दुसरा. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. कायद्याचे संरक्षण असूनही असे का झाले?

1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकसाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. हेतू रास्त होता. माळढोकची मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरला की वीण थांबते. पण या हद्दीत वनजमीन थोडी आणि खासगी शेती, गावे जास्त होती. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अधिसूचना निघाल्यावर अशा जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळत नाही. शेतकऱ्यांची जमीन अडकली, खरेदी-विक्री आणि उद्योग रखडले. दुसरीकडे उजनीचे पाणी आले आणि अनेक माळांवर ऊस, द्राक्षे उभी राहिली. पुढे अभयारण्य सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत आटले. तोवर शेतकऱ्याच्या मनात माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरची अडचण झाला होता.

निदान बरोबर होते, औषधाची मात्रा चुकली. सगळीकडे थोडे थोडे निर्बंध आले. जिथे पक्षी वीण करतो तिथे मात्र पुरेसे संरक्षण आणि जमीनमालकाला मोबदला मिळाला नाही.

हाच पेच सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळ्या रूपात आला. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून 2021 मध्ये न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधील माळढोकच्या क्षेत्रात वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे आदेश दिले. सौरऊर्जा अडते, असे सरकारने म्हटल्यावर मार्च 2024 मध्ये आदेश सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचेही न्यायालयाने त्याच निकालात मान्य केले. म्हणजे एका पारड्यात पक्षी, दुसऱ्यात स्वच्छ वीज.

या तराजूत तिसरे पारडेही हवे : माळावर जगणाऱ्या माणसांचे. सरकारी कागदांत गवताळ माळ अनेकदा ‘पडीक’ ठरतो आणि प्रकल्पांसाठी किंवा वृक्षलागवडीसाठी सहज दिला जातो. प्रत्यक्षात तो धनगरांच्या मेंढ्यांचे कुरण आहे, काळवीट आणि लांडग्यांचे घर आहे. झाडांची दाटी माळढोकला मानवत नाही.

नान्नज परिसरात अजूनही गवत उगवते. क्षेत्र लहान, पण संरक्षण पक्के. जमीन गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला. चराईचे नियम मेंढपाळांशी बोलून. हे करणे शक्य आहे. निसर्गरक्षणाचे बिल एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावे फाडले, तर शेतकरीही जातो आणि पक्षीही.