दातांची राखण आणि दंत आरोग्यक

दात ठणकू लागल्यावाचून दंतवैद्याकडे जावयाचे नाही, अशी आपल्याकडे जणू रूढीच आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेर असो की धुळ्यातील साक्री-शिरपूर, निव्वळ दात साफ करून घेण्यासाठी मजुरी बुडविणे शेतमजुराला परवडत नाही. मग एके दिवशी दात हलू लागतो आणि तो काढून टाकणे एवढाच उपाय उरतो.

वस्तुतः हिरड्यांचा विकार बहुधा न दुखताच वाढतो. दातांवरील जंतूंचा थर वेळीच निघाला नाही तर त्याचे कीटण बनते. ते दातणाने वा ब्रशाने निघत नाही. अवजारानेच खरवडावे लागते. त्यामुळे दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे. दात सैल होतात ते हिरडीखाली हाड झिजल्यामुळे. तंबाखू आणि मधुमेह या झिजेला हातभारच लावतात.

हे काम करणारा प्रशिक्षित सहायक ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1913 साली अशा सहायिकांचे शिक्षण सुरू केले. पुढे त्या शाळाशाळांतून मुलांचे दात साफ करू लागल्या. आपल्याकडेही 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्टची, म्हणजेच दंत आरोग्यकाची, कामे नेमून दिली: दात खरवडणे, स्वच्छ करणे, झिलई देणे व मुखस्वच्छतेचे शिक्षण देणे. त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम व नोंदणीची तरतूदही झाली. तथापि कायद्यातील हा मनुष्य तालुक्याच्या गावी क्वचितच दृष्टीस पडतो.

दंतवैद्य पुष्कळ असता हा नवा वर्ग कशाला, यातून भोंदूंचेच फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु भोंदूला मर्यादा नसते. दंत आरोग्यकाला ती असते. त्याने दात काढू नये, भरू नये, औषध लिहून देऊ नये. तोंडात न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसताच रुग्णास दंतवैद्याकडे धाडावे. दंतवैद्याच्या देखरेखीखालील असा सहायक त्याचा प्रतिस्पर्धी नव्हे, उजवा हातच ठरेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून मुलांच्या दातांचीही तपासणी होते. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्या निमित्ताने शासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंत आरोग्यकाचे एक पद निर्माण करावे आणि आसपासच्या शाळा व आश्रमशाळा त्याच्याकडे सोपवाव्यात. दात काढण्याची सोय करणे हे उपचाराचे काम झाले. ते काढावे न लागणे, हेच आरोग्यसेवेचे खरे यश होय.