मनमाडला गाडी बदला

"काका, माझं डोकंच नाही हो गणिताचं."

हे वाक्य मी यंदाच्या उन्हाळ्यात मुंबईहून जालन्याकडे येणाऱ्या गाडीत ऐकले. बोलणारा मुलगा घनसावंगी तालुक्यातला. घरी थोडी मोसंबी, थोडा कापूस. मुंबईला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय गणित, आणि त्याच गणिताचे दोन पेपर राहिलेले. एखाद्याने आपली उंची किंवा गाव सांगावे, तितक्या सहज त्याने हे सांगितले. त्याच्या बोलण्यात दुःख नव्हते, ह्याचेच मला अधिक वाईट वाटले. दहावीला ह्याच मुलाला गणितात शंभरापैकी शहाण्णव गुण होते. चार वर्षांत डोके गेले कुठे?

हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हे. त्याचे मूळ मी पूर्वी ऐकलेले आहे. गणिताकडे मुले का वळत नाहीत, ह्या विषयावरच्या एका सभेत एका विद्वान प्राध्यापकांनी असा अभिप्राय दिला होता की, अमूर्त विचाराची सवय घरातून यावी लागते. खेड्यातल्या मुलाला ती नसते. तेव्हा त्याच्यासाठी अभ्यासक्रम सोपा करावा हे उत्तम. सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली असावी, कारण मी तेव्हा उठून बोललो नाही. ते राहिलेले बोलणे आज बोलतो आहे.

माझे म्हणणे असे आहे की, आमच्या मुलांच्या डोक्यात काहीही कमी नाही. दहावी आणि बी.एस्सी. ह्यांच्यामध्ये एक मनमाड आहे, आणि तेथे गाडी बदलताना मुलाचे निम्मे सामान फलाटावर राहते. अभ्यासक्रम सोपा करणे म्हणजे, सामान हरवते म्हणून प्रवाशाने मुळात कमी सामान घेऊन निघावे, असा सल्ला देणे होय.

मनमाडचे नाव मी उगाच घेत नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून जी रेल्वे मनमाडपर्यंत आली ती छोट्या रुळाची. तिच्या रुळांत अंतर एक मीटर. मुंबईच्या मोठ्या रुळांत १६७६ मिलिमीटर. ह्या ६७६ मिलिमीटरांसाठी मराठवाड्याने सुमारे नव्वद वर्षे मनमाडच्या फलाटावर रात्री काढल्या. मालाची पोती एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जात, आणि माणसे आपापल्या ट्रंका उचलून जात. १९९० नंतर रूळ मोठे झाले. आज घनसावंगीच्या मुलाला मनमाड केव्हा गेले हे झोपेत कळतही नाही. आमच्या वेळी कळत असे.

१९८३ च्या दिवाळीत मी असाच मुंबईहून घरी निघालो होतो. आज ज्याला घनसावंगी तालुका म्हणतात त्यातले आमचे गाव. रांजणी स्टेशनवर उतरायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जायचे. जालना जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मीही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सहामाहीच्या पेपरात मला इतके कमी गुण पडले होते की, ते घरी कोणत्या शब्दांत सांगावेत ह्याची जुळवाजुळव करीतच मी कसारा घाट चढलो. पेपरात 'युनिफॉर्म कंटिन्युइटी'ची व्याख्या विचारली होती. ती मला तोंडपाठ होती. पाठ असलेली मी लिहिली, आणि प्राध्यापकांनी तीवर लाल काट मारून बाजूला 'अर्थशून्य' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला.

प्राध्यापकांचा दोष नव्हता. मी वाक्याचे दोन तुकडे मागेपुढे केले होते, आणि त्या व्याख्येत सारा अर्थ तुकड्यांच्या क्रमातच असतो. पण मी ते का केले? 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' ह्यांत माझ्या भाषेत मेलेला माणूस एकच असतो. विभक्तीचे प्रत्यय शब्दांना धरून ठेवतात, शब्द कुठेही बसोत. इंग्रजीत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय. तेथे राम आणि रावण यांनी जागा बदलल्या की रामायण उलटते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला हे व्याकरणाच्या तासाला कधीतरी सांगितलेले असते. परंतु एप्सिलॉन आणि डेल्टा यांच्या घाईत ते कोण आठवणार? मी गणितात नापास झालो असे गुणपत्रिकेत लिहिले आहे. माझ्या मते मी वाक्यरचनेत नापास झालो होतो.

ज्या वाचकांना गणिताचे नाव काढताच पान उलटावेसे वाटते, त्यांनी एवढा एक परिच्छेद सोसावा. मनमाडला उतरलो तो मध्यरात्र उलटून गेलेली. ट्रंकेतली शाल काढू गेलो तर किल्ली हरवलेली. फलाटावर पथारी टाकून बसलेल्या लोकांनी आपापल्या किल्ल्या पुढे केल्या. मराठवाड्याच्या माणसाला दुसऱ्याच्या कुलपाबद्दल फार आस्था. एकही लागेना. तेव्हा परतूरकडे निघालेली एक म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, पर्त्येक कुलपाला किल्ली असती. म्हून एकच किल्ली समद्या कुलपांला लागती का?" लोक हसले, मीही हसलो. त्यात हसण्याहून अधिक काही होते हे मला पुढे काही महिन्यांनी, त्याच व्याख्येशी पुन्हा झटताना कळले. 'प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे' हे साधे सांतत्य. 'एक किल्ली अशी आहे की ती प्रत्येक कुलपाला लागते' हे माझ्या पेपरातले एकरूप सांतत्य. कुलूप म्हणजे रेषेवरचा बिंदू, किल्ली म्हणजे डेल्टा. शब्द जवळजवळ तेच, क्रम वेगळा, आणि दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर. ज्या म्हातारीला सही येत नव्हती तिला हे अंतर माहीत होते. अमूर्त विचाराची सवय घरातून यावी लागते म्हणणाऱ्या विद्वानांनी त्या रात्री मनमाडच्या फलाटावर असायला हवे होते.

आता ह्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात, ते मला ठाऊक आहेत.

पहिला असा की, उच्च गणित देशी भाषेत मावत नाही. हे मराठवाड्याच्या माणसाला सांगण्याचे धाडस कोणी करू नये. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्यासाठी आधीच्याच वर्षी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडण्यात आले होते. तेथे गणिताची, विज्ञानाची, वैद्यकाची पुस्तके उर्दूत उतरली आणि त्यांवर पोरे पदवीधर झाली. आमच्या आजोबांच्या पिढीवर ह्यात अन्याय झाला, कारण उर्दू ही त्यांची घरची भाषा नव्हती. आईशी मराठीत बोलणाऱ्या मुलाला वरच्या इयत्तांत भूमिती उर्दूतून घोकावी लागे. तो अन्याय मी विसरलेलो नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली ती झालीच: कलनशास्त्र देशी भाषेत शिकवता येते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उर्दू गेली, आणि तिच्या जागी वरच्या विज्ञानशिक्षणात आली ती इंग्रजी. मराठीची पाळी यायची राहूनच गेली. एका परक्या गाडीतून उतरून आम्ही दुसऱ्या परक्या गाडीत बसलो, आणि ह्यालाच मुक्ती समजलो.

मराठीला हे नवे होते असेही नाही. बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली वारले; त्यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' नावाचे एक पुस्तक आहे. ज्या काळी मराठीत कादंबरी नव्हती त्या काळी कलनशास्त्रासाठी मराठी माणूस शब्द घडवीत होता. त्याहून मागे जायचे तर चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावे. तेथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची आणि त्याला लावून दिलेल्या उत्पन्नाची ती नोंद; लेखाचा काही भाग मराठीत आहे. राज्य देवगिरीच्या यादवांचे. त्याच देवगिरीचे नाव दिलेल्या गाडीत बसून आमची मुले मुंबईला जातात आणि आपले डोके गणिताचे नाही असे शिकून परत येतात.

दुसरा आक्षेप मराठीच्या कैवाऱ्यांकडून येतो, आणि तो मला अधिक अडचणीचा वाटतो, कारण ती माझीच माणसे आहेत. त्यांना वाटते की परिभाषा कोश छापला म्हणजे काम झाले. कोश झाले, चांगले झाले. पण 'अवकलनीय' आणि 'अभिसारी' हे शब्द घनसावंगीच्या मुलाला 'डिफरन्शिएबल' आणि 'कन्व्हर्जंट' ह्यांच्याइतकेच परके आहेत. शब्द कोणता, ह्यावर मी भांडणार नाही. 'लिमिट' म्हणा, 'सीमा' म्हणा. शेतकऱ्याने 'मोटार', 'पाईप' आणि 'स्टार्टर' पचवलेच आहेत, त्यात आणखी एक. मला वाक्य मराठी हवे. 'जर', 'तर', 'प्रत्येक', 'असा एक तरी', 'तोवर', 'म्हणूनच' हे गणिताचे खरे शब्द आहेत, बाकीची नावे. नावे कोणत्याही भाषेतली चालतात. विचार ज्या सांध्यांवर वळतो ते सांधे मात्र आपल्या भाषेचे लागतात, निदान पहिली काही वर्षे. मग इंग्रजी शिकावीच, आणि चांगली शिकावी. जगातले गणित वाचायला ती हवी हे मी जाणतो, आणि ती शिकल्यावर मुलगा कुठल्याही फलाटावर उतरू शकेल.

तिसरा एक वर्ग आहे, तो वाद घालत नाही. तो रामानुजनचे नाव घेतो. खरी प्रतिभा असेल तर ती अडत नाही, असे त्यांचे म्हणणे. रामानुजनही महाविद्यालयीन परीक्षेत नापास झाले होते हे ते सांगतात, आणि नापास मुलाने त्यातून धीर घ्यावा अशी अपेक्षा करतात. मला ह्या धीराचा तिटकारा आहे. हजारात एकाने भिंत उडी मारून ओलांडली, म्हणून भिंतीला दार नको? मला प्रतिभावंतांची चिंता नाही. मला त्या साध्या, बऱ्या, कष्टाळू मुलाची चिंता आहे, जो पुढे जालन्याच्या किंवा अंबडच्या शाळेत गणित शिकवणार आहे.

उदाहरणच हवे असेल तर मी देवळालीचे देईन. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तेथे १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, उलट मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. विद्यापीठाचेच साल घेऊ, १९५८: ९८५१ वजा १५८९, उरले ८२६२. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च राहते. आणि कोठूनही निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोहोचता. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी हे पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकन मासिकात लिहिले तेव्हा जगाने नाव ऐकले. १९८३ साली माझी गाडी रात्री देवळालीवरून गेली तेव्हा कापरेकर हयात होते, आणि गणिताचा विद्यार्थी म्हणवणाऱ्या मला त्यांचे नाव माहीत नव्हते. आमच्या कोणत्याही प्राध्यापकांनी ते वर्गात उच्चारले नव्हते.

आता म्हणे ह्यावर उपाय निघाला आहे: सेमी-इंग्रजी. पाचवीपासून, कुठे त्याही आधीपासून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पालक खूश आहेत. मी पालकांना दोष देत नाही. फलाटावर सामान हरवल्याचे त्यांनी स्वतः भोगले आहे. पण ह्यात मनमाड बंद झाले नाही, ते दहावीवरून उचलून पाचवीत आणून ठेवले. पूर्वी मुलगा निदान दहावीपर्यंत गणित समजून करीत होता. आता तो दहाव्या वर्षीच पाठांतराला लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून शिकवण्याची भाषा आहे. ठीक. बी.एस्सी.च्या गणिताच्या मुलाला उत्तरपत्रिकेत मराठी वाक्य लिहिण्याची बिनधोक मुभा, मराठी आणि इंग्रजी समोरासमोर छापलेली प्रश्नपत्रिका, आणि मराठीत समजावण्याची लाज न वाटणारा प्राध्यापक, एवढ्या तीन गोष्टी सगळीकडे दिसू लागल्या की धोरण आले असे मी मानीन.

असो. गाडीतल्या त्या मुलाकडे परत येतो. त्याचा राहिलेला एक पेपर तोच निघाला, माझा जुना वैरी. मी त्याला म्हातारीची कुलपे सांगितली. तो गप्प बसला. लासूर गेले, संभाजीनगर गेले. मग त्याने विचारले, "चौकोनी वाफ्याचं क्षेत्रफळ, म्हणजे एक्सचा वर्ग, त्याचं कसं?" मी म्हटले, तूच सांग. त्याने मोबाइलवर हिशेब केला. बाजू १० फूट असताना ती एक-दशांश फूट चुकली तर क्षेत्रफळ २.०१ नी चुकते. बाजू १००० असताना तीच चूक २००.०१ करते.

"म्हणजे वाफा जेवढा मोठा, तेवढं मोजताना जास्त जपावं लागतं," तो म्हणाला. "किल्ली आहे प्रत्येक वाफ्याला, पण पुढं पुढं ती बारीकच करावी लागती. सगळ्यांला एकच नाही पुरायची." आणि मग जरा थांबून, "पण काका, माझं शेतच दोन एकराचं असंल, तर? तेवढ्यापुरती एक किल्ली चालंल की."

त्याच्या पुस्तकात पुढच्याच पानावर जे प्रमेय आहे, त्याच्या दारात तो येऊन उभा होता. तेवढ्यात जालना आले. त्याला घनसावंगीची एस.टी. गाठायची होती, तो पिशवी उचलून पळाला, आणि प्रमेयाची सिद्धता सांगायची राहिली.