गोनीदांचे स्मरण आणि चाकणचा कोट

तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या गोपाळ नीलकंठ दांडेकर तथा गोनीदांना (१९१६–१९९८) रूढार्थाने इतिहाससंशोधक म्हणता येणार नाही. तथापि दफ्तरे चाळणाऱ्या कित्येक पंडितांना जे साधले नाही ते, म्हणजे ढासळत्या तटबुरुजांविषयी सामान्य मराठी कुटुंबांत ममत्व उत्पन्न करण्याचे कार्य, त्यांनी लेखणी, छायाचित्रे व अथक पायपीट यांच्या बळावर सिद्धीस नेले. त्यांचा गौरव करावयाचा तर पुतळे आणि कमानी (यांची आपणांकडे मुळीच वाण नाही!) बाजूस ठेवून चाकणच्या संग्रामदुर्गाकडे पाहावे. १६६० साली शाइस्तेखानाच्या अफाट फौजेस फिरंगोजी नरसाळ्यांनी तुटपुंज्या शिबंदीनिशी सुमारे दोन महिने जेथे थोपवून धरले, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच जो शत्रूच्या हाती पडला, तो हा भुईकोट आज मोटारींच्या कारखान्यांनी गजबजलेल्या मुलखात उरल्यासुरल्या भिंतींनिशी उभा आहे. डोंगरी किल्ल्यास त्याची दुर्गमताच राखते. भुईकोटास मात्र भोवतालची वस्ती गिळते. म्हणून त्याची हद्द मोजून कायम करणे, खंदकातील अतिक्रमणास मज्जाव करणे व डागडुजी जाणकारांच्या देखरेखीखाली चुन्यातच करविणे, ही कामे सरकारने अग्रक्रमाने हाती घ्यावीत. आणि खर्चाचा वाटा उचलण्यास कारखानदारांनीही अनमान करू नये.