न छापलेलं पान

शिरढोण म्हटलं की सगळ्यांना आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आठवतात. आमच्या आळीला मात्र हल्ली आमची फळी आठवते! फळी म्हणजे आमचा प्रोजेक्ट, घरच्या पडवीत बनवलेला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड.

गणित सोपं होतं. लिथियमचे 10 सेल सिरीजमध्ये, म्हणजे 36 व्होल्ट. अशा दोन रांगा पॅरलल, मिळून साधारण 180 वॉट-अवर. मोटर, पुली, पट्टा आणि 90 मिलिमीटरची चाकं धरून कागदावर वेग येत होता ताशी 48 किलोमीटर. घाबरून आम्ही तो कंट्रोलरमधून 20 वर आणला. ब्रेक वेगळा नाहीच. रिमोटची कळ मागे ओढली की मोटरच जनरेटर बनते, बोर्डचा वेग कमी होतो आणि वीज परत बॅटरीत जाते. काय भारी आयडिया, नाही?

पहिली राइड माझी. बॅटरी फुल चार्ज, 42 व्होल्ट. समोर आळीचा उतार. कळ ओढली आणि... काहीच नाही! भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? सेल वाचवायला बॅटरीच्या बीएमएसने सर्किट तोडलं, आणि त्याबरोबर ब्रेकही गेला. सेल वाचले, कंट्रोलर जळाला, आणि मी कुंपणात. कोपराला चार टाके. आजी म्हणाली, "फळीला पळायला शिकवलंस बाई, थांबायला कोण शिकवणार?"

आता गंमत बघा. आमच्या रिपोर्टमध्ये छापलंय, 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग यशस्वी'. "बिघाड लिहू नका, व्हायवात नसते प्रश्न येतात," असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मुकाट्याने ऐकला. चूक आमचीच. उद्या एखादा ज्युनिअर तोच रिपोर्ट वाचून बोर्ड बनवेल, बॅटरी फुल करेल आणि उतारावर उभा राहील. त्याच्या कोपरावर भागेलच असं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : प्रत्येक रिपोर्टमध्ये 'काय बिघडलं आणि का' हे एक पान सक्तीचं हवं, आणि त्याला मार्क हवेत. कोणी म्हणेल, मुलं मार्कांसाठी खोटे बिघाड रचतील. रचू देत की! खोटं यश कोणालाही लिहिता येतं, पण खोटा बिघाड रचायलाही मशीन कळावं लागतं. बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांची पंचाईत तिथेच होईल.

तोपर्यंत आमचं न छापलेलं पान इथे देते. उतारावरून सुरुवात करायची असेल तर बॅटरी पूर्ण भरू नका. फक्त मोटरच्या ब्रेकवर विसंबू नका, आधी सपाट जागेवर पायाने थांबायला शिका. हेल्मेट घाला.

आणि हो, व्हायवात प्रश्न आलेच तर खरं उत्तर द्या. आम्ही दिलं नाही, ते टाक्यांपेक्षा जास्त टोचतंय.